गाठ फुटून झालेल्या जखमेचा वास: घरच्या घरी कसा आवरायचा

स्तनाची, जबड्याची किंवा मानेची कॅन्सरची गाठ वाढत जाऊन कातडी फोडते, तेव्हा होणारी जखम सहसा भरून येत नाही. महिनोन्‌महिने ती पाझरत राहते, मधूनच तिच्यातून रक्त येतं. पण रुग्णाला आणि घरच्यांना सगळ्यात जास्त खचवतो तो तिचा वास. त्यापायी खाट मागच्या खोलीत किंवा पडवीत जाते, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत, आणि रुग्ण स्वतःच चारचौघांत बसायचं टाळू लागतो. यातलं बरंचसं टाळता येतं. जखम बरी करणं हातात नसलं, तरी वास कमी करणं बहुतेक घरांत जमतं. त्याचं मुख्य औषध म्हणजे कुठल्याही मेडिकलमध्ये स्वस्तात मिळणारी मेट्रोनिडॅझोलची गोळी, पूड करून जखमेवर भुरभुरायची. अर्थात ती, आणि खाली सांगितलेली बाकीची औषधं, तुमच्या डॉक्टरांना विचारून आणि त्यांच्या चिठ्ठीनेच वापरायची.

वास नेमका कुठून येतो

गाठ इतकी झपाट्याने वाढते की तिच्या आतल्या भागाला रक्त पुरत नाही. तिथलं मांस मरतं. त्या मेलेल्या मांसात प्राणवायू पोचत नाही, म्हणून प्राणवायूशिवाय जगणारे जंतू तिथे वाढतात आणि मांसातली प्रथिनं कुजवतात. त्यातून पुट्रेसिन, कॅडॅव्हरिन, ब्युटिरिक आम्ल आणि गंधकाची काही संयुगं तयार होतात. मळमळ आणणारा सडका वास यांचाच असतो. मेट्रोनिडॅझोल नेमकं याच जंतूंना मारतं.

दुसरं कारण म्हणजे तासन्‌तास भिजून राहिलेलं ड्रेसिंग. त्याचा वास आंबूस, कुबट असतो, आणि त्याला औषध नाही, ड्रेसिंग बदलणं हाच उपाय. तिसरं कारण स्यूडोमोनास नावाचा जंतू. त्याच्यामुळे पट्टीवर हिरवट-निळसर डाग पडतात आणि वास सडका नसून गोडसर येतो. मेट्रोनिडॅझोलचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. ‘गोळीची पूड टाकूनही फरक पडला नाही’ असं होतं त्यातल्या काही वेळा कारण हेच असतं.

ओळखायची सोपी पद्धत आहे. जुनं ड्रेसिंग काढून लगेच पिशवीत घट्ट बांधून खोलीबाहेर न्या आणि जखम धुवा. वास जवळजवळ गेला, तर दोष ड्रेसिंगचा, म्हणजे ते जास्त वेळा बदलायला हवं. धुतल्यावरही राहिला, तर तो मेलेल्या मांसाचा.

रोजची नोंदही ठेवा, वहीत एक आकडा पुरतो. ड्रेसिंग बांधलेलं असतानाही खोलीत शिरताच वास आला तर ३. ड्रेसिंग उघडल्यावर दारापर्यंत आला तर २. उघडल्यावर अगदी जवळ गेल्यावरच आला तर १. नाहीच आला तर ०. आकडा बाहेरून आलेल्या माणसाने सांगावा. दिवसभर शेजारी बसणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं, त्याला फरक नीट कळत नाही.

ड्रेसिंग बदलताना

आधी दुखण्याची सोय करा. वेदनेसाठी मॉर्फिनची किंवा दुसरी गोळी चालू असेल, तर ड्रेसिंगच्या साधारण अर्धा तास आधी ती देता येईल का हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दुखलं की रुग्ण ड्रेसिंग टाळतो, ड्रेसिंग लांबलं की वास वाढतो. बऱ्याच घरांत गाडं इथेच अडतं.

मिठाचं पाणी घरीच करा. एक लिटर पाणी झाकून पाच-दहा मिनिटं खळखळ उकळा, त्यात ९ ग्रॅम साधं मीठ घाला (५ मिलिच्या मोजमापी चमच्याने सपाट दीड चमचा), आणि झाकूनच कोमट होऊ द्या. हे पाणी त्याच दिवशी वापरा, उरलेलं ओतून द्या. मीठ अंदाजाने जास्त पडलं तर झोंबतं. नुसतं साधं पाणीही जखमेला चुरचुरतं, म्हणून मोजूनच घाला. नळाचं पाणी खात्रीचं असेल आणि रुग्ण उठून बसू शकत असेल, तर कोमट पाण्याच्या हलक्या धारेखाली आंघोळीतच जखम धुतलेली बऱ्याच जणांना सोयीची वाटते.

हात साबणाने धुवून हातमोजे घाला. पंखा बंद करा, खिडकी उघडी राहू द्या. जुनी पट्टी कोरडी असताना ओढू नका. तिच्यावर मिठाचं पाणी ओतून पाच ते दहा मिनिटं थांबा, म्हणजे ती आपोआप सुटते. चिकटलेली पट्टी ओढणं हे रक्तस्रावाचं एक नेहमीचं कारण आहे, कारण गाठीच्या पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्या फार ठिसूळ असतात.

धुण्यासाठी २० मिलिची सिरिंज सुईशिवाय घ्या आणि जखमेपासून चार बोटं अंतरावरून हळू धार सोडा. सिरिंज नसेल तर उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडूनही काम होतं. खाचाखोचांत जिथे चिकट घाण साचते तिथे धार जास्त वेळ धरा. जमिनीवरच्या डागासारखं घासायचं मात्र नाही, कापसाच्या बोळ्याने पुसायचंही नाही. कापसाचे धागे जखमेत अडकतात आणि पुढच्या वेळी तेच कुजतात. पिवळा थर सहज निघाला तर निघू द्या. काळी खपली नखाने किंवा चिमट्याने उपटू नका, तिच्याखाली मोठी रक्तवाहिनी असू शकते. मेलेलं मांस कापून काढायचं का, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, आणि कॅन्सरच्या जखमेत ते जपूनच करतात.

डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट यातलं काहीही जखमेत ओतायचं नाही. जंतूंबरोबर जिवंत मांसही मरतं, म्हणजे उद्या कुजायला आणखी मांस तयार होतं. शिवाय आग होते ती वेगळीच. हळद, चुना, राख, तंबाखूची पूड, शेण हेही नको. हळदीचा चिकट गाळ जखमेत बसतो, त्याखाली काय चाललंय ते दिसत नाही आणि धुताना तो निघत नाही. घरातला मधही लावू नका. जखमेसाठीचा मध निर्जंतुक केलेला असतो, बरणीतल्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात.

मेट्रोनिडॅझोलची पूड

मेडिकलमध्ये मागताना ‘नुसतं मेट्रोनिडॅझोल, ४०० मिलिग्रॅम’ असं स्पष्ट सांगा. जुलाबासाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांत त्याच्या जोडीला दुसरं औषध मिसळलेलं असतं, त्या जखमेवर नकोत. जनऔषधी केंद्रातली जेनेरिक गोळी चालते.

पूड करायला स्वयंपाकघरातला खलबत्ता घेऊ नका. त्यातला मिरची-मसाल्याचा अंश जखमेला असह्य झोंबतो. गोळी स्वच्छ, कोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून लाटणं फिरवा किंवा दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक करा. गोळीवर पातळ आवरण असेल तर त्याचे कपचे वेगळे राहतात, ते काढून टाका. पूड पिठीसारखी बारीक झाली पाहिजे. जाडसर राहिली तर ती विरघळण्याआधीच पाझरणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जाते.

जखम धुऊन झाली की भोवतालची कातडी कोरडी टिपून घ्या, जखम ओलसरच राहू द्या. मग पूड पातळ, एकसारखी भुरभुरा. तळहाताएवढ्या जखमेला एक ते दोन गोळ्या पुरतात. जिथे पिवळा-राखाडी थर आहे आणि जिथे खोल खाच आहे, तिथे ती पोचली पाहिजे. लालसर, स्वच्छ भागावर तिची गरज कमी, आणि टणक काळ्या खपलीवर टाकलेली पूड वाया जाते, कारण ती खाली मुरतच नाही. खोल पोकळी असेल तर मेट्रोनिडॅझोलच्या शिरेतून देण्याच्या बाटलीतलं द्रव (१०० मिलिमध्ये ५०० मिलिग्रॅम) गॉजला लावून तो गॉज आत सैलसर ठेवतात. दाबून ठासून भरायचा नाही, आणि किती तुकडे आत ठेवले ते लिहून ठेवायचं. विसरलेला तुकडा हे वास वाढण्याचं एक कारण असतं, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जखम कोरडी असेल तर पुडीऐवजी मेट्रोनिडॅझोलचं जेल बरं. त्याचा जाडसर थर द्या. फार पाझरणाऱ्या जखमेवर जेल टिकत नाही, तिथे पूडच चांगली.

रोज ड्रेसिंगच्या वेळी हे करा. दोन-तीन दिवसांत वहीतला आकडा उतरू लागतो. आठवडाभरात एक पायरीही उतरला नाही, तर पूड वाढवत बसू नका. जंतू खोलवर असतील, तर डॉक्टर तेच औषध पोटातून देतात. नेहमीचं प्रमाण ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, काही दिवसांसाठी. मग मळमळ आणि तोंडाला धातूसारखी चव येऊ शकते. ही गोळी चालू असताना आणि संपल्यानंतरही किमान दोन-तीन दिवस दारू पूर्ण वर्ज्य, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा नको. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर आधी सांगा, दोन्ही मिळून रक्तस्राव वाढतो. पोटातून जास्त दिवस घेतल्यावर हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. पूड लावताना औषध रक्तात फार थोडं जातं, म्हणून दीर्घकाळ वापरायला पूडच सोयीची. वास एकदा आटोक्यात आला की एक दिवसाआड किंवा वास परतेल तेव्हा लावली तरी चालते का, ते विचारा.

पट्टीचे थर

पुडीवर पहिला थर न चिकटणारा हवा: पॅराफिन गॉज, किंवा पांढरं व्हॅसलिन पातळ चोळलेला निर्जंतुक गॉज. त्यावर शोषणारा जाड थर. इथे फोमचं किंवा अल्जिनेटचं (समुद्री शेवाळापासून केलेलं) महागडं तयार ड्रेसिंग मिळालं तर उत्तमच. अल्जिनेट पाझर शोषतं आणि किरकोळ रक्तही थांबवतं. पण रोज दोनदा बदलायची वेळ आली की तो खर्च बहुतेक घरांना झेपत नाही. मग गॉजमध्ये कापूस घालून शिवलेल्या गाद्या करा, किंवा सॅनिटरी पॅड वापरा. पॅड खूप शोषतो, पाठीमागून ओल बाहेर येऊ देत नाही आणि सगळीकडे मिळतो, फक्त सुगंधी घेऊ नका. जुनं सुती लुगडं किंवा धोतरही चालतं. ते धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून, बंद डब्यात ठेवा. सिंथेटिक साडीचं कापड मात्र पाणी शोषतच नाही.

कोळशाचं ड्रेसिंग, म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल, यात वासाचे रेणू अडकतात. ते वापरताना दोन चुका हमखास होतात. पहिली, ते थेट ओल्या जखमेवर ठेवतात. भिजलं की बहुतेक चारकोल ड्रेसिंग निकामी होतात, म्हणून त्याची जागा शोषक थराच्या वर, सगळ्यात बाहेर. (थेट जखमेवर ठेवायचेही काही प्रकार असतात, पाकिटावरची सूचना वाचा.) दुसरी, त्याच्या कडा सैल राहतात. वायू वाट काढतोच, कोळशातून जाण्यापेक्षा कडेने निसटणं त्याला सोपं जातं. चारही बाजू नीट बंद करा. चुलीतला कोळसा कुटून फडक्यात बांधण्याने हे काम होत नाही.

भोवतालच्या कातडीला झिंक ऑक्साइडचं क्रीम किंवा व्हॅसलिन लावा, नाहीतर पाझराने ती सोलवटते आणि जखम मोठी होते. चिकटपट्टी कमीत कमी वापरा. छातीवरचं ड्रेसिंग घट्टसर सुती बनियनने किंवा मऊ ब्राने, मानेवरचं सैल पट्टीने किंवा सुती स्कार्फने जागेवर राहतं. बाहेरचा थर ओला दिसला की बदला, मग ते दिवसातून एकदा असो वा तीनदा. घड्याळापेक्षा ओल पाहून बदलणं योग्य. पाहुणे यायचे असतील तर त्याच्या थोडं आधी बदला.

हिरवा डाग, रक्त आणि अळ्या

पट्टी हिरवी दिसली तर नर्सच्या सल्ल्याने पातळ व्हिनेगर वापरता येतं. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं. एक भाग व्हिनेगर आणि सात भाग उकळून गार केलेलं पाणी, म्हणजे अर्धा टक्का. त्यात भिजवलेला गॉज पाच-दहा मिनिटं ठेवून काढा आणि मिठाच्या पाण्याने धुवा. जास्त झोंबलं तर थांबवा. चेहऱ्याजवळ किंवा तोंडात हे नको. हिरवा रंग आठवडाभर हटला नाही किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जावं लागेल.

रक्त आलं तर स्वच्छ ओला गॉज ठेवून तळहाताने सलग दहा मिनिटं दाबा, मध्ये उचलून पाहू नका. वारंवार येत असेल तर रक्त थांबवणाऱ्या ॲड्रेनॅलिनची (१:१०००) किंवा ट्रॅनेक्झामिक ॲसिडची ॲम्प्युल घरात ठेवू का, ती गॉजवर कशी वापरायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. गडद रंगाचा जुना टॉवेल हाताशी असू द्या. पांढऱ्यावर थोडं रक्तही फार दिसतं आणि सगळे घाबरतात. एकदम भळभळ सुरू झाली तर दाबून धरा आणि डॉक्टरांना फोन करा. वारंवार येणारं रक्त, पाझर आणि वास या तिन्हींवर काही रुग्णांना रेडिएशनच्या थोड्या फेऱ्यांचा फायदा होतो. ‘आता काही उपाय नाही’ असं ऐकून परतलेल्यांनीही हा प्रश्न मुद्दाम विचारावा.

माशी बसली तर अंडी घालते आणि जखमेत अळ्या होतात. पावसाळ्यात हे फार घडतं. त्यात रुग्णाची किंवा घरच्यांची काही लाज नाही. दिवसाही मच्छरदाणी लावा, ड्रेसिंग कधीच उघडं ठेवू नका. अळ्या दिसल्या तर रॉकेल, पेट्रोल, फिनेल ओतू नका. नर्सला बोलवा. टर्पेंटाइनचा बोळा जखमेजवळ धरून अळ्या वर आणून चिमट्याने काढतात, आणि हे सलग काही दिवस करावं लागतं. तोंडातल्या जखमेत टर्पेंटाइन घरी वापरू नये.

जखम तोंडात असेल तर

महाराष्ट्रात तंबाखू आणि मिश्रीमुळे होणारे जबड्याचे, गालाचे कॅन्सर पुष्कळ. इथे पट्टी बांधता येत नाही, म्हणून चुळा हाच आधार. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून, जागेपणी दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरायची. चूळ भरता येत नसेल तर सिरिंजने गालाच्या कडेला थोडं थोडं पाणी सोडा, डोकं पुढे झुकवून, म्हणजे घशात जाणार नाही. अन्नाचे कण अडकून राहिले की कितीही औषध दिलं तरी वास जात नाही. मेट्रोनिडॅझोलची चूळ किंवा गोळी डॉक्टर सांगतील तशी. गालाला आरपार भोक पडून लाळ गळत असेल तर पॅड तासातासाने भिजतो. तिथे पोटावरच्या शौचाच्या पिशवीसारखी छोटी पिशवी चिकटवता येते का, ते नर्सला विचारा.

खोली आणि माणूस

उदबत्ती, धूप, अत्तर, फवारे यांनी वास जात नाही, त्यात मिसळतो आणि मळमळ वाढवतो. पुढेपुढे त्या सुगंधाचीच रुग्णाला शिसारी बसते. समोरासमोरची दोन दारं-खिडक्या उघडून वारा खेळता ठेवा. खाटेखाली पसरट ताटात लाकडी कोळशाचे तुकडे किंवा खाण्याचा सोडा ठेवला तर थोडी मदत होते. ती थोडीच असते, जखम धुण्याला तो पर्याय नव्हे. घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती, उदबत्ती काहीच पेटवू नका.

चादर आणि उशीचा अभ्रा रोज बदला, गादीवर रेक्झिन किंवा प्लॅस्टिक घाला. वापरलेलं ड्रेसिंग लगेच पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि वर कागद. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात मिसळू नका. पुण्यात सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे देतात, हेही तसंच द्यावं म्हणजे कचरा वेचणाऱ्यांचे हात वाचतात. गावात कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढ्या खोल खड्ड्यात पुरा.

ड्रेसिंग करणाऱ्याने नाक मुरडलं की रुग्णाला ते दिसतंच. मास्कच्या आत पुदिन्याचा किंवा निलगिरीचा थेंब लावा, म्हणजे चेहरा शांत राहतो. वासाबद्दल गप्प राहण्यापेक्षा ‘आज वास कमी आहे’ किंवा ‘आज जरा जास्त आहे, पुन्हा धुऊया’ असं साधेपणाने बोलणं रुग्णाला बरं वाटतं. आणि आकडा २ वरून १ वर आला, की खाट पुन्हा माणसांत आणा.

ही पद्धत सगळ्या जखमांना लागू नाही

मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेला अचानक वास येऊ लागणं ही धोक्याची खूण आहे. पाय सुजला, लाल-काळा झाला, ताप आला, दाबल्यावर कातडीखाली चरचर जाणवली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तिथे पूड टाकून वास झाकणं म्हणजे पाय गमावण्याची वेळ आणणं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कमरेच्या जखमेतली पद्धत बरीचशी वरचीच. पण दर दोन तासांनी कूस बदलली नाही आणि शी-शू लगेच साफ केली नाही, तर पूड टाकून उपयोग नाही. शिवाय ती जखम भरून येऊ शकते, म्हणून मेलेलं मांस काढण्याबद्दल डॉक्टरांना लवकर दाखवा.

मदत कुठे मागायची

‘पॅलिएटिव्ह केअर’, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्याचा त्रास कमी करणारी सेवा, हा शब्द धरून विचारा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून मोफत सेवा देतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, गावात आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात चौकशी करा. जाताना वासाच्या आकड्यांची वही, रोज किती पॅड भिजतात त्याची नोंद आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. रुग्णाला नेणं शक्य नसेल, तर त्याला विचारून जखमेचा फोटो, धुण्याआधीचा एक आणि धुतल्यानंतरचा एक, एवढ्यावरही नर्स पुष्कळ सांगू शकते.